मनोधैर्याचे मोजमाप : हवाई हल्ल्यांविषयीच्या मानसशास्त्रीय संशोधनाची चिकित्सा

१

एखाद्या शास्त्राचे भाकीत चुकले म्हणजे त्यापुढे दोन मार्ग असतात. ज्या गृहीतकांवर भाकीत आधारलेले होते त्यांची फेरतपासणी करणे हा एक. आणि भाकीत तेवढे उलटे करून मूळ गृहीतके तशीच सांभाळणे हा दुसरा. दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांखाली नागरिकांची मनःस्थिती कशी राहिली ह्याविषयी ब्रिटन व अमेरिका ह्या देशांत जे संशोधन झाले त्याने बव्हंशी दुसरा मार्ग पत्करला, असे त्याच्या परिशीलनावरून दिसून येते. आपत्तीत सापडलेली माणसे सहसा सैरावैरा पळत सुटत नाहीत, हे आज अभ्यासकांत मान्य झालेले मत पुष्कळ अंशी त्याच काळातील निरीक्षणांवर उभे आहे. म्हणूनच ती निरीक्षणे कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून केली गेली, आणि तो प्रश्न मुळात कोणाचा होता, हे तपासणे अगत्याचे ठरते.

प्रथम भाकिताची हकीकत पाहावयास हवी. बाँबफेकी विमान काहीही केले तरी आपल्या लक्ष्यापर्यंत पोहोचतेच, असे स्टॅन्ले बाल्डविन ह्यांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये ब्रिटिश लोकसभेत सांगितले होते. १९१७-१८ मधील लंडनवरील थोड्याशा हल्ल्यांच्या आकड्यांवरून दर टन बाँबमागे सुमारे ५० माणसे मृत वा जखमी होतील, असा हिशोब हवाई खात्याने बांधला होता. ह्या हिशोबाला मनोविकारतज्ज्ञांनी आपली जोड दिली. लंडनमधील नामांकित तज्ज्ञांच्या एका गटाने १९३८ मध्ये आरोग्य मंत्रालयाला जे निवेदन सादर केले, त्याची नोंद रिचर्ड टिटमस ह्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात केली आहे. शारीरिक जखमींच्या मानाने मानसिक रुग्णांची संख्या तिप्पट होईल, आणि हल्ले सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत तीव्र घबराट, हिस्टेरिया व तत्सम विकारांचे ३० ते ४० लाख रुग्ण उपचारांसाठी येतील, असा त्या निवेदनाचा आशय होता. त्यानुसार तयारीही झाली. १९३९ मध्ये मॉड्स्ली रुग्णालयातील तज्ज्ञांना लंडनच्या मध्यभागातून हलवून मिल हिल व सटन येथे युद्धकालीन केंद्रे उघडण्यात आली.

ह्या भाकिताच्या बुडाशी तीन गोष्टी होत्या. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना जडलेल्या मज्जाविकृतींचा अनुभव ही पहिली. गुस्ताव्ह ल बाँ ह्यांच्या १८९५ मधील ग्रंथापासून रूढ झालेली, जमाव म्हणजे विवेकहीन मन, ही कल्पना दुसरी. तिसरी गोष्ट सहसा उघडपणे बोलली जात नसे : शहरातील गरीब वस्तीत राहणारा माणूस संकटाला टिकणार नाही, हा वरिष्ठ वर्गाचा ग्रह. शिस्तीत वाढलेला सैनिक जेथे कोसळला तेथे गोदीतला मजूर आणि त्याची बायकामुले काय टिकणार, असा हा तर्क होता.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जवळजवळ सलग ५७ रात्री बाँब पडले, आणि मे १९४१ पर्यंत देशातील अनेक बंदरे व औद्योगिक शहरे भाजून निघाली. संपूर्ण युद्धात ब्रिटनमधील सुमारे ६०,००० नागरिक हवाई हल्ल्यांत मृत्यू पावले. परंतु राखून ठेवलेल्या खाटांवर अपेक्षित रुग्ण आले नाहीत. ऑब्री लुइस ह्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मज्जाविकृतींच्या प्रमाणात फार मोठी वाढ आढळली नाही. आत्महत्यांचे प्रमाण तर घटले होते. भाकीत खोटे ठरले, आणि त्याच्या जागी नवे विधान आले : जनतेचे मनोधैर्य अभंग राहिले.

येथेच चिकित्सेला आरंभ व्हावयास हवा. पहिल्या विधानाची कसोटी ‘किती माणसे मोडतील?’ ही होती. दुसऱ्या विधानाची कसोटीही तीच राहिली. उत्तर तेवढे बदलले. जो मोडला नाही त्याला काय झाले, तो कशाच्या बळावर उभा राहिला आणि ह्या युद्धाविषयी त्याला स्वतःला काय वाटत होते, हे प्रश्न दोन्ही विधानांच्या कक्षेबाहेरच राहिले.

२

ह्या नव्या विधानाला तात्त्विक बैठक देण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न म्हणजे केंब्रिज येथील मनोविकृतिशास्त्रज्ञ जे. टी. मॅककर्डी ह्यांचा ‘द स्ट्रक्चर ऑफ मोराल’ हा १९४३ मधील ग्रंथ होय. मॅककर्डी ह्यांनी पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या मज्जाविकृतींवर १९१८ मध्ये पुस्तक लिहिले होते. त्यामुळे दोन्ही युद्धांचा अनुभव त्यांच्या विवेचनामागे आहे. बाँब पडल्यावर त्या परिसरातील लोकांचे ते तीन वर्ग कल्पितात. पहिला वर्ग मृतांचा. दुसरा वर्ग थोडक्यात बचावलेल्यांचा : ज्यांना स्फोटाचा धक्का बसला, ज्यांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला आणि ज्यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. तिसरा वर्ग दुरून बचावलेल्यांचा : ज्यांनी भोंगे ऐकले, विमानांची घरघर व स्फोटांचे आवाज ऐकले, परंतु ज्यांना प्रत्यक्ष झळ लागली नाही. दुसऱ्या वर्गाची भीती दृढ होते. तिसऱ्या वर्गाला मात्र सुटकेचा एक प्रकारचा उल्हास वाटतो, आणि आपल्याला काही होत नाही अशी भावना त्यांच्यात बळावते. मोठ्या शहरात तिसऱ्या वर्गाची संख्या दुसऱ्यापेक्षा पुष्कळच अधिक असल्यामुळे हल्ल्यांनी समाजाचे धैर्य खचण्याऐवजी वाढते, असा हा सिद्धांत आहे.

ह्या सिद्धांताचे गुण नाकारता येत नाहीत. संकटाची अपेक्षा आणि संकटाचा अनुभव ह्यांत किती अंतर असते हे त्याने स्पष्ट केले. भीतीची भीती ही प्रत्यक्ष भीतीहून निराळी, आणि कित्येकदा अधिक जाचक असते, हे सैनिकांच्या बाबतीत माहीत असलेले सत्य त्याने नागरिकांना लावून दाखविले. आयर्व्हिंग जॅनिस ह्यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात ह्याच विभागणीचा आधार घेऊन असे दाखविले की, ‘मला काही होणार नाही’ ही भावना म्हणजे रोजच्या जगण्यातला एक आधार असून जवळ पडलेला बाँब तो आधारच काढून घेतो. एकाच शहरात एकाच रात्री काही माणसे निर्धास्त होतात व काही जन्माची धास्ती घेतात, ह्याचा उलगडा ह्या विवेचनाने होतो.

तथापि ह्या विभागणीत दोन उणिवा आहेत. पहिली तर्कशास्त्राची. थोडक्यात बचावलेला कोण, हे केवळ अंतरावरून ठरत नाही. ‘मनावर खोल ठसा उमटणे’ हे त्याच्या व्याख्येतच घातलेले आहे. ज्याची भीती वाढली तो दुसऱ्या वर्गाचा, आणि दुसऱ्या वर्गाचा म्हणून त्याची भीती वाढली, असे वर्तुळ त्यामुळे तयार होते. शंभर हातांवर बाँब पडूनही जो शांत राहिला त्याला कोणत्या वर्गात घालावे, ह्याचे उत्तर सिद्धांत आधी देत नाही; परिणाम पाहून मग देतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मृतांचा समाजाच्या मनोधैर्यावर परिणाम होत नाही, कारण मृत माणसे घबराट पसरवीत नाहीत, असे ह्या विवेचनात गृहीत धरले आहे. हिशोब म्हणून हे बरोबर दिसते. परंतु ज्या घरावर बाँब पडला त्या घरातील मुलगी दोन मैलांवरच्या कारखान्यात रात्रपाळीवर असेल, तर बाँब आणि तिचे शरीर ह्यांतील अंतरावरून ती ‘दुरून बचावलेली’ ठरते. तिला उल्हास वाटावा, असे सिद्धांत सांगतो. बाँबपासूनचे अंतर ज्या विभागणीचा पाया आहे तिच्यात शोकाला स्वतंत्र जागा मिळत नाही. माणूस जेथे उभा असतो तेवढ्याच जागी तो राहत नसतो. त्याच्या माणसांच्या ठिकाणीही तो असतो, ही साधी गोष्ट येथे निसटली.

ती निसटू नये असे संशोधन त्याच काळात, त्याच देशात चालू होते. ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम ह्यांनी हॅम्पस्टेड येथे १९४१ पासून चालविलेल्या युद्धकालीन शिशुगृहांतील निरीक्षणे १९४२-४३ मध्ये प्रसिद्ध झाली. बाँबहल्ल्यांच्या वेळी आई जवळ असेल आणि ती स्वतः शांत असेल तर लहान मुले तो अनुभव पुष्कळ अंशी पचवितात. परंतु सुरक्षिततेसाठी आईपासून दूर पाठविलेली मुले मात्र त्या वियोगाने अधिक व्याकूळ होतात, असे त्यांना आढळले. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसे, मुख्यतः मुले व माता, शहरांतून हलविली गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निष्कर्षाचे महत्त्व कळते. शारीरिक अंतर वाढवून धोका कमी केला, आणि त्याच अंतराने दुसरी इजा केली. मॅककर्डी ह्यांच्या विवेचनात माप बाँबपासून घेतले जाते. हॅम्पस्टेडच्या निरीक्षणांत ते आईपासून घेतले जाते. ह्या दोन मापांपैकी पहिले शासनाला सोयीचे होते.

३

मनोधैर्य अभंग राहिले हे कशावरून ठरविले, हा पुढचा प्रश्न. मुख्य पुरावा रुग्णालयांतील नोंदींचा होता. परंतु रुग्णालयातील नोंद ही दुःखाची नोंद नसून रुग्णालयात जाण्याची नोंद असते. ज्या समाजात मनोविकाराची लाज वाटते, ज्या काळात शेजाऱ्याचे घर पडलेले असताना आपली झोप उडाल्याची तक्रार करणे हलकेपणाचे वाटते, तेथे मनाचे दुखणे शरीराच्या दाराने बाहेर पडते. जबर हल्ल्यांच्या काळात लंडनच्या रुग्णालयांत जठरव्रण फुटलेल्या रुग्णांची संख्या वाढल्याचे स्ट्युअर्ट आणि विन्सर ह्यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले होते. हे रुग्ण शस्त्रवैद्याकडे गेले. मनोविकारतज्ज्ञाच्या हिशोबात ते आले नाहीत. त्याचप्रमाणे फ्रेझर, लेस्ली व फेल्प्स ह्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना स्वतःला ढिगाऱ्याखाली सापडणे किंवा आप्त गमावणे असा तीव्र अनुभव आला त्यांच्यात मज्जाविकृतीची लक्षणे लक्षणीय प्रमाणात आढळली. संपूर्ण लोकसंख्येची सरासरी काढली की ही माणसे तीत बुडून जातात.

लोकांच्या वर्तनाचा अर्थ लावतानाही असाच घोटाळा झाला. १९४१ च्या वसंत ऋतूत प्लिमथ, हल इत्यादी शहरांतील हजारो लोक रोज संध्याकाळी शहर सोडून आसपासच्या खेड्यांत, माळरानांवर झोपावयास जात आणि सकाळी परत येत. अनेक अधिकाऱ्यांना ही रात्रीची पायपीट म्हणजे मनोधैर्य ढासळल्याचे चिन्ह वाटली. वस्तुतः ह्यांतील बहुसंख्य माणसे सकाळी आपापल्या कामावर हजर होत. मग हे धैर्य की भित्रेपणा? जो रात्री पळतो व सकाळी परत येतो त्याला ‘मनोधैर्य’ ह्या एका शब्दाच्या पट्टीवर कोठे ठेवावे? त्याच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर सोपे आहे : त्याला झोप हवी होती, मुलेबाळे वाचावयास हवी होती आणि नोकरीही टिकावयास हवी होती. तो शहाणपणाने वागत होता. शहाणपणाला मात्र त्या पट्टीवर खूण नव्हती.

लोकांच्या बोलण्यातून त्यांचे मन टिपण्याचा मोठा प्रयत्न ‘मास-ऑब्झर्व्हेशन’ ह्या १९३७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने केला. १४ नोव्हेंबर १९४० च्या हल्ल्यानंतर कॉव्हेंट्रीत तिच्या निरीक्षकांनी जे पाहिले त्यात उघड भीती व असहायता ह्यांची चिन्हे स्पष्टपणे नोंदविलेली आहेत. ह्या संस्थेचे एक संस्थापक टॉम हॅरिसन ह्यांच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक उद्बोधक प्रयोग आहे. ज्यांनी हल्ल्यांच्या दिवसांत स्वतः टिपणे लिहिली होती अशांपैकी काहींना त्यांनी तीस-पस्तीस वर्षांनी तोच अनुभव पुन्हा लिहावयास सांगितला. दोन्ही वृत्तान्तांत मोठी तफावत निघाली. मधल्या काळात राष्ट्राने स्वतःविषयी जी कथा घडविली तिने व्यक्तीच्या स्मृतीतही घर केले होते. ‘आम्ही डगमगलो नाही’ हे वाक्य संशोधनाचा निष्कर्ष म्हणून जितके पसरले तितकेच ते लोकांच्या आठवणींचा साचा म्हणूनही पसरले. अशा आठवणींवरून पुन्हा तोच निष्कर्ष सिद्ध करावयाचा म्हणजे आरशाला साक्षीदार करण्यासारखे आहे.

४

एवढ्यावर ही चर्चा केवळ पद्धतीच्या दोषांची राहिली असती. परंतु ह्या संशोधनाचा उपयोग कसा झाला हे पाहिल्यावर तिचे गांभीर्य वाढते.

सॉली झुकरमन व जे. डी. बर्नाल ह्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटनच्या गृहसुरक्षा मंत्रालयाने हल व बर्मिंगहॅम ह्या शहरांवरील हल्ल्यांच्या परिणामांची तपशीलवार पाहणी केली. घरे किती पडली, उत्पादन किती घटले, लोक कामावर कितपत येत राहिले, ह्यांबरोबर मनःस्थितीचाही शोध घेण्यात आला. हलमधील शाळकरी मुलांकडून हल्ल्यांतील स्वतःच्या अनुभवावर निबंधही लिहून घेण्यात आले. एप्रिल १९४२ च्या अहवालात असे नमूद आहे की, ह्या शहरांनी ज्या तीव्रतेचे हल्ले अनुभवले त्या तीव्रतेला मनोधैर्य कोसळल्याचा पुरावा मिळत नाही.

परंतु ह्या अहवालाच्या काही दिवस आधी, ३० मार्च १९४२ रोजी, पंतप्रधान चर्चिल ह्यांचे शास्त्रीय सल्लागार लॉर्ड चेरवेल ह्यांनी त्याच पाहणीचा हवाला देऊन एक टिपण त्यांना सादर केले होते. आपले घर जमीनदोस्त होणे ही गोष्ट मनोधैर्याला सर्वांत मारक ठरते, मित्र किंवा नातेवाईक मरण्यापेक्षाही माणसाला तिचे अधिक वाटते, असे पाहणीवरून दिसते, हा त्या टिपणातील मुद्दा होता. हलमध्ये दहापैकी एकच घर पडूनही ताणाची चिन्हे दिसली. तेव्हा जर्मनीतील ५८ प्रमुख शहरांचे ह्याच्या दसपट नुकसान करता येईल आणि त्यायोगे त्या राष्ट्राचे धैर्य मोडेल, असा हिशोब त्यात मांडला होता.

शत्रूच्या नागरी लोकसंख्येचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य हे लक्ष्य ठरविणारा आदेश १४ फेब्रुवारी १९४२ रोजीच निघालेला होता. त्यामुळे ह्या टिपणाने ते धोरण जन्माला घातले असे म्हणता येत नाही. त्याने त्या धोरणाला शास्त्राचा आधार पुरविला. टिपणावर हेन्री टिझर्ड व पॅट्रिक ब्लॅकेट ह्यांनी घेतलेला आक्षेप मुख्यतः अंकगणिताचा होता : किती विमाने, किती बाँब, किती घरे, हा अंदाज पाचसहा पटींनी फुगलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. घर पडले म्हणजे धैर्य मोडते, ह्या मानसशास्त्रीय दुव्याची परीक्षा मात्र त्या वादात झालीच नाही. जुलै-ऑगस्ट १९४३ मध्ये एकट्या हँबर्ग शहरात सुमारे ३५ ते ४० हजार माणसे मृत्यू पावली.

एकाच पाहणीतून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष कसे निघाले? ह्याचे एक उत्तर असे की सत्ताधारी शास्त्राचा सोयीस्कर अर्थ लावतात. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ‘मनोधैर्य’ हा शब्दच असा होता की त्यात दोन्ही अर्थ मावत. ‘ताणाची चिन्हे’ म्हणजे मनोधैर्याची घट, असे एकाला म्हणता आले. ‘लोक कामावर आले’ म्हणजे मनोधैर्याचे अस्तित्व, असे दुसऱ्याला. भावना आणि वर्तन ह्यांना एकाच नावाखाली आणणारी संकल्पना ज्याच्या हाती पडेल त्याच्या कामाची होते. शिवाय ‘किती आघातांनी लोक मोडतात?’ हा प्रश्न स्वरूपतःच आघात करणाराचा आहे. ज्याच्यावर आघात होत आहे त्याचा प्रश्न निराळा असतो : आजची रात्र कशी काढावी, उद्या मुलांना कोठे ठेवावे, हे सारे कशासाठी चालले आहे? हलच्या मुलांच्या निबंधांतून त्यांचे स्वतःचे शब्द हाती आले होते. पंतप्रधानांपुढे गेलेल्या टिपणात उरली ती घरांची संख्या.

५

युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या सामरिक बाँबहल्ला पाहणी मंडळाने ह्या दुव्याची परीक्षा घेतली. त्याच्या मनोधैर्यविभागाचे प्रमुख रेन्सिस लायकर्ट हे होते. त्यांच्या अभिवृत्तिमापनश्रेणीचा परिचय मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असतो. १९४५ च्या उन्हाळ्यात जर्मनीत सुमारे ३,७०० नागरिकांच्या पद्धतशीर मुलाखती घेण्यात आल्या. हल्ल्यांनी लोक खचले, थकले, युद्धाला विटले, नेत्यांवरील त्यांचा विश्वास उडाला, हे त्यांत दिसून आले. परंतु त्या प्रमाणात काम थांबले नाही. जर्मनीचे युद्धोत्पादन तर १९४४ मध्ये शिखरास पोहोचले होते. बाँबचे वजन वाढवीत नेले तरी खचण्याचे प्रमाण त्या मानाने वाढत नाही, अतितीव्र हल्ल्यांनी बंडखोरी न येता उदासीनता येते, असेही आढळले.

ह्या पाहणीने ‘मनोधैर्य’ ह्या संकल्पनेचे दोन तुकडे केले. मन खचले होते, आणि हात चालत होते. त्याची कारणे अहवालातच आहेत : पोलिसी राज्याचा धाक, कामाची सवय, पोटापाण्याची गरज, दुसरा मार्ग नसणे. ब्रिटनमध्ये जे वर्तन राष्ट्रीय धैर्याचे लक्षण मानले गेले तेच जर्मनीत निरुपायाचे लक्षण ठरले. दोन्ही निदाने आपापल्या जागी खरी असू शकतील. परंतु लंडनच्या कामगाराच्या वर्तनातही निरुपायाचा वाटा किती होता, हा प्रश्न त्यानंतर तरी गंभीरपणे विचारला जावयास हवा होता.

ह्या मुलाखतींनाही मर्यादा होत्या. पराभूत देशातील नागरिक विजेत्यांच्या प्रतिनिधीपुढे बोलत होते. पडलेल्या राजवटीवरचा आपला विश्वास पूर्वीच उडाला होता असे सांगण्यात त्यांचे हित होते. आणि मुलाखतीमागील मूळ हेतू अजूनही आघात करणाराचाच होता : बाँब कितपत उपयोगी पडले?

प्रश्नाची दिशा बदलली ती हिरोशिमाच्या अभ्यासात. रॉबर्ट जे लिफ्टन ह्यांनी १९६२ मध्ये तेथील ७५ बचावलेल्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. त्यांनी ‘हे लोक कितपत टिकले?’ असे न विचारता ‘मृत्यूने भरलेल्या त्या दिवसानंतर ह्यांचे जगणे कसे चालले आहे, आणि त्या दिवसाचा अर्थ ते काय लावतात?’ असे विचारले. अनेकांनी सांगितले की त्या दिवशी त्यांना काही वाटेनासेच झाले होते. प्रेते पाहत ते चालत राहिले. भावनेचे दार आपोआप मिटले. ह्या मिटण्याने त्यांना त्या क्षणी वाचविले, आणि पुढे वर्षानुवर्षे तेच त्यांना जाचत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस शांत दिसला असता. मॅककर्डी किंवा चेरवेल ह्यांच्या पट्टीवर त्याचे मनोधैर्य अभंग भरले असते.

लिफ्टन ह्यांचे विवेचनही टीकेपलीकडचे नाही. वाचल्याबद्दलची अपराधी भावना ही त्यांच्या मांडणीतील मध्यवर्ती कल्पना मनोविश्लेषणाच्या परंपरेतून आलेली आहे. आणि बचावलेल्यांना नोकरीत व विवाहात जो भेदभाव सोसावा लागला, वैद्यकीय मदतीचा कायदा होण्यासाठी १९५७ पर्यंत जी वाट पाहावी लागली, त्यातून येणारा संताप अपराधी भावनेच्या सदरात बसत नाही. तरीही युद्धात सापडलेल्या माणसाला युद्धाविषयी विचार करणारा माणूस म्हणून त्यांनी प्रश्न विचारला, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

६

मराठीत ‘मोराल’ ह्या शब्दाला ‘मनोधैर्य’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. त्यामुळे मूळ संकल्पनेतील घोटाळ्यात एका नव्या घोटाळ्याची भर पडते, कारण धैर्य हा सद्गुण आहे. ‘मनोधैर्य टिकले’ असे म्हणताच वर्णनाच्या जागी प्रशस्ती येते, आणि ज्याचे टिकले नाही त्याच्यावर नकळत ठपका बसतो. परंतु बोलीतील शब्द पारिभाषिक शब्दापेक्षा येथे अधिक नेमके आहेत. कोणी संकटात ‘धीर धरतो’. कोणाच्या ते ‘अंगवळणी पडते’. कोणाचा ‘नाइलाज असतो’. कोणाचे ‘मन दगड होते’. चारही माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर दिसतात. चारही अवस्था मात्र भिन्न आहेत, आणि त्या ओळखण्याच्या खुणाही भिन्न आहेत.

धीर दिला जातो, धरला जातो आणि सुटतो. म्हणजे तो माणसामाणसांत असतो. सोबतीची माणसे काढून घेतली असता तो टिकतो की नाही, ही त्याची परीक्षा. हॅम्पस्टेडच्या मुलांनी हेच दाखविले. सवय तेवढ्याच संकटापुरती असते. संकटाचे रूप पालटले की ती निरुपयोगी होते. जून १९४४ पासून लंडनवर चालकरहित उडते बाँब येऊ लागले तेव्हा जुन्या हल्ल्यांना सरावलेल्या लोकांनाही त्यांचा ताण नव्याने जाणवला. निरुपायाची परीक्षा वाट मोकळी करून होते : जाण्याची सोय मिळताच जो जातो तो आजवर धैर्याने नव्हे, नाइलाजाने थांबला होता. बधिरतेची परीक्षा काळ घेतो. ती संकटात दिसत नाही, संकट सरल्यावर दिसते. तात्पर्य, ‘लोक कामावर आले’ ह्या एका निरीक्षणाशी चार अनुमाने सुसंगत आहेत, आणि त्यांतील कोणते खरे हे ठरविण्यासाठी चार निराळी निरीक्षणे लागतात. ती न करता काढलेला निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो निष्कर्ष नव्हे. तो ग्रह होय.

ह्या चिकित्सेचा रोख केवळ जुन्या ग्रंथांवर नाही. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकृतीला स्थान मिळाले, आणि त्यानंतर युद्धग्रस्त लोकसंख्येत विकृती शोधणाऱ्या पाहण्यांचे पेव फुटले. पुढे जॉर्ज बोनॅनो ह्यांनी २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की आघातानंतर बहुतेक माणसे तोल सांभाळून राहतात, आणि अभ्यासकांचे लक्ष पुन्हा टिकून राहण्याच्या शक्तीकडे वळले. १९३८ व १९४३ मधील लंबकाचे आंदोलन येथे पुन्हा दिसते. दोन्ही पक्षांच्या संशोधनातून उपचार, सेवा व सहानुभूती ह्यांत पुष्कळ भर पडली आहे, हे मान्य केले पाहिजे. लोक घाबरून पळत सुटतात हा समज खोडला गेल्यामुळे तर संकटकाळी जनतेपासून सत्य दडविण्याचे एक जुने निमित्त नाहीसे झाले. परंतु टिकून राहण्याची शक्ती मोजणारा आकडा दोन प्रकारे वाचला जाऊ शकतो, हे १९४२ च्या टिपणाने शिकविले आहे. एक वाचक म्हणेल, ‘ह्या लोकांना आधार द्या’. दुसरा म्हणेल, ‘ह्यांना अजून सोसवते’.

आकडा कोणाच्या हाती पडेल हे संशोधकाच्या स्वाधीन नसते. प्रश्न कसा विचारावा हे मात्र असते. सोसणारा माणूस केवळ सोसत नसतो; आपल्यावर हे का आले, कोणी आणले आणि ह्याचा शेवट काय, ह्याचा तो विचार करीत असतो. तो विचार ज्या पाहणीत नोंदविला जात नाही ती पाहणी, तिची संख्याशास्त्रीय अंगे कितीही निर्दोष असली तरी, युद्धातील माणसाची पाहणी नसून लक्ष्याची पाहणी असते.